तबला बंद, डिस्को चालू

मागच्या अंकात चरणजित सिंग यांच्या 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' या १९८२ च्या अल्बमवर (सिंथेसायझरवर, म्हणजे सिंथवर, वाजवलेले दहा राग आणि खाली डिस्कोचा ठेका) कौतुकाच्या चार ओळी लिहिल्या होत्या, त्याही जागा उरली होती म्हणून. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं, अर्धे लोक खूश आणि अर्धे भडकलेले. यातली चार घेतोय.

मी तीस वर्षं हार्मोनियम शिकवतोय. तुम्ही कौतुक केलंत म्हणून भाच्याकडून लिंक मागवून घेतली. भैरव लावला आणि दोन मिनिटांत बंद केला. आलाप नाही, विस्तार नाही, खाली नुसतं ढुम् ढुम्. याला राग म्हणायचं का? – एक वाचक, सांगली

सर, भैरवाबद्दल तुमच्याशी भांडणारच नाही. भैरवचा कोमल ऋषभ डोलवत ठेवायचा असतो, त्या आंदोलनातच तो राग बसलेला असतो, आणि इथे गाडी इतकी पळतीये की ऋषभ आला कधी आणि गेला कधी ते कळत नाही. सिंथवर स्वर वाकवायची सोय असते आणि सिंगसाहेबांनी ती वापरलीये सुद्धा, पण पाच मिनिटांच्या ट्रॅकमधे ते होऊन होऊन किती होणार. मालकंसाचंही तेच, त्याला जो ठेहराव लागतो तो नाहीच मिळाला.

पण मला वाटतं तुम्ही चुकीच्या दारातून आत गेलात. भैरव पहिला आहे म्हणून सगळे तिथूनच सुरू करतात, तुम्ही कलावती लावा, नाहीतर भूपाली. पाच स्वरांचे सुटसुटीत राग, त्यांना पळवलं तरी ते आपला चेहरा सोडत नाहीत. आणि ऐकताना एक करून बघा, खालचा तो बास आहे ना त्याला लेहरा समजा. सोलो तबल्याला तुम्ही साथ केली असेलच कधीतरी, तासभर तीच एक ओळ वाजवायची, कोणी तुम्हाला विचारत नाही की अहो पुढे काही येतं की नाही, कारण ऐकणाऱ्याचं लक्ष तबल्याकडे असतं आणि लेहरा फक्त जमीन धरून ठेवतो. इथे जमीन मशीन धरतंय आणि वरती सिंथवर ताना सुटतायत. मला तरी हे डोक्यात बसलं त्यानंतरच हा अल्बम उलगडला, तोपर्यंत मीही तुमच्यासारखाच दोन मिनिटवाला होतो.

बरं हे काही अडाणीपणातून झालेलं नाही. चरणजित सिंग हे मुंबईच्या सिनेसंगीतातले मुरलेले वादक, आर. डी. बर्मन, शंकर-जयकिशन अशा मोठ्या लोकांकडे बास गिटार वगैरे वाजवलेले, लग्नाच्या कार्यक्रमांत सुद्धा वाजवायचे. तेव्हा सिनेमात जिकडेतिकडे डिस्को होतं, मग त्यांनी विचार केला की बीट डिस्कोचाच ठेवू, वर राग वाजवू आणि तबला काढून टाकू. असं त्यांनीच नंतर मुलाखतीत सांगितलंय. म्हणजे तबला विसरला नाही, ठरवून काढला. पटलं नाही तर नका ऐकू, पण कलावती एकदा पूर्ण ऐका एवढीच विनंती.

हॉस्टेलवर आमच्यात वाद चालूये. एक गट म्हणतो की जगातला पहिला अ‍ॅसिड हाऊस (क्लबमधलं, मशीनवर केलेलं नाचाचं संगीत) अल्बम मुंबईत झाला, शिकागोच्या पाच वर्षं आधी. दुसरा गट म्हणतो हा सगळा फेक आहे, नंतर कोणीतरी बनवून जुन्या तारखेने खपवलाय. खरं काय? – इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, पुणे

फेकवाले आधी घरी जा. ही शंका २०१० मधे जगभर निघाली होती, हॉलंडच्या बॉम्बे कनेक्शन या लेबलने रेकॉर्ड पुन्हा काढली तेव्हा लोकांचा विश्वासच बसेना, कोणी म्हणे हे अ‍ॅफेक्स ट्विन या इलेक्ट्रॉनिक संगीतवाल्याचंच काम. पण एचएमव्हीची जुनी रेकॉर्ड आहे, वाजवणारा माणूस मुंबईत हयात होता, आणि नंतर त्याच माणसाने सत्तरी ओलांडल्यावर युरोपात स्टेजवर जाऊन हेच राग लोकांपुढे वाजवून दाखवले. २०१५ च्या जुलैमधे गेले ते.

आता पहिलेपणाचं. तुमच्या वादाचं मूळ आहे रोलंडची टीबी-३०३ नावाची छोटी चंदेरी पेटी, १९८१ मधे आली. एकट्या गिटारवाल्याला घरी साथीला बासवाला नसेल तर ही पेटी बास वाजवेल असा कंपनीचा हिशोब, पण तिचा आवाज काही खऱ्या बाससारखा येईना आणि तिच्यात सूर भरायचे म्हणजे डोक्याला ताप, म्हणून १९८४ मधे बंदच करून टाकली. मग ती सेकंडहँडमधे स्वस्तात मिळायला लागली आणि शिकागोच्या फ्युचर नावाच्या ग्रुपच्या पोरांनी तिची बटणं चालू असतानाच पिळली, त्यातून तो चिकट, कुरकुरणारा, गुळण्या केल्यासारखा आवाज निघाला आणि १९८७ मधे त्यांचं 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' आलं, अ‍ॅसिड हाऊसची सुरुवात तिथून धरतात. सिंगसाहेबांनी हीच पेटी सिंगापूरहून आणलेली, जोडीला टीआर-८०८ या ड्रम मशीनचा ठेका आणि ज्युपिटर-८ सिंथ. ३०३ मधे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे, आपल्या कानाला ती जराशी मींडेसारखी लागते. मींड नाहीये ती, घसरण म्हणा, कारण मधे कुठे रेंगाळता येत नाही. पण रागाशी तिची गट्टी का जमली ते यावरून कळतं.

म्हणजे पेटी तीच, म्हणून आवाज तोच. मुंबईत जे झालं ते शिकागोत कोणी ऐकलेलं नव्हतं, आणि इथेही रेकॉर्ड पडलीच, कोणी फारशी घेतली नाही. जिच्यातून पुढे कोणी काही उचललंच नाही तिला पहिली म्हणून काय साधणार? मला तर उलट राग येतो, आपली एक रेकॉर्ड अठ्ठावीस वर्षं कोणी विचारली नाही आणि बाहेरच्यांनी 'अरे हे तर आमच्यासारखं आहे' म्हटल्यावर आपल्याला ती दिसली. हॉस्टेलवर वाद घालायचाच तर यावर घाला, आणि घालण्याआधी मधुवंती ऐका, तिच्यात शिकागो शोधू नका.

मला आवडलाय पण घरी लावला की आई म्हणते 'अगं रेकॉर्ड अडकलीये बघ'. मलाही कधीकधी वाटतं की सगळे ट्रॅक सारखेच आहेत. माझं काही चुकतंय का? – एक वाचक, नाशिक

मोबाईलच्या स्पीकरवर ऐकताय ना? मला खात्री आहे. ८०८ चा जो मुख्य ठोका आहे तो पन्नास हर्ट्झच्या आसपासचा, मोबाईलचा स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाही. मग तुम्हाला उरतं काय तर वरची टिकटिक आणि सिंथची किणकिण, आणि दहाही ट्रॅक एकसारखे वाटतात. मीही पहिल्यांदा स्वयंपाकघरात फोन डब्यावर टेकवून ऐकला होता आणि कुकरच्या शिट्टीत भैरव कुठे आणि ललित कुठे काही कळलं नव्हतं. रात्री हेडफोन लावला तर ललितमधे ते दोन मध्यम शेजारी शेजारी लागतात तिथे खालचा बास अजिबात न हलता तसाच चालू राहतो, आणि त्यामुळे ते दोन स्वर असे टोचतात की मी उठून बसलो.

आणि अडकल्यासारखं वाटणं हा काही दोष नाही, तो या संगीताचा स्वभावच आहे. 'अ‍ॅसिड ट्रॅक्स'चीच गोष्ट सांगतात, शिकागोत रॉन हार्डी या डीजेने क्लबमधे पहिल्यांदा वाजवलं तर लोक फ्लोअर सोडून गेले, त्याच रात्री त्याने ते पुन्हा लावलं, पुन्हा लावलं, आणि चौथ्या वेळी तेच लोक वेडे झाले होते. कानाला वेळ द्यावा लागतो. आईंना विचारा, मिरवणुकीत बेंजोवाले एकच चाल अर्धा तास घोळवतात तेव्हा रेकॉर्ड अडकलीये असं वाटतं का? तिथे पाय हलत असतात म्हणून वाटत नाही. पुढच्या वेळी आईंना बसवून ऐकवू नका, काहीतरी काम चालू असताना यमन लावा, आवाज जरा मोठा ठेवून, आणि काही बोलू नका.

बाबांच्या रेकॉर्डींमधे हा अल्बम होता असं पुसटसं आठवतं. घर बदलताना सगळा गठ्ठा भंगारवाल्याला दिला, किलोवर. फार मोठं नुकसान झालं का? – एक वाचक, ठाणे

हो.

पुन्हा छापलेली प्रत घ्या. आणि बाबा ती लावायचे का कधी, की नुसतीच आणून ठेवली होती, तेवढं आठवलं तर नक्की कळवा, कारण १९८२ मधे हा अल्बम घरी ऐकलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.