एसटीत चढणाराही ‘उतारू’च का?

‘गाडीत चढणाऱ्याला उतारू का म्हणतात? शेवटी कुठेतरी उतरतो म्हणून?’ असा प्रश्न आला आहे.

तसं नाही. हा शब्द गाडीच्या पायरीवरचा नाही, नदीकाठचा आहे. संस्कृतात ‘उत्’ आणि ‘तॄ’ मिळून अर्थ होतो तरून पलीकडे जाणं, पाण्याबाहेर निघणं. आपलं ‘उतरणं’ त्यातलंच. नदी उतरायची, म्हणजे ओलांडायची. आणि जिथून चालत किंवा बैलगाडीने ओलांडता येते ती जागा म्हणजे ‘उतार’. नावेतून पलीकडे जाणारा तो उतारू. पुढे नावेची आगबोट झाली, आगगाडी झाली, एसटी झाली. माणूस उतारूच राहिला.

माझं आजोळ वाळवा तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. तिथे ‘नदीला उतार हाय का?’ हा प्रश्न पावसाळाभर कानावर पडायचा. त्यात दोन्ही अर्थ एकदम असायचे: पाणी उतरलंय का, आणि पलीकडे जाता येईल का. ‘उतार न्हाई’ म्हटलं की बाजार बुडाला, पाहुणे अडकले. अगदीच नड असली तर काहील. होय, गुऱ्हाळातली गूळ शिजवायची काहील! गुऱ्हाळं हिवाळ्यातली, त्यामुळे नदी भरते तेव्हा काहिली रिकाम्याच. बसक्या बुडाची ती कढई पाण्यात गरागरा फिरायची, कडेला धरून दोघे पोहणारे ती रेटत न्यायचे, आणि आजी पदर तोंडात धरून मधोमध उकिडवी बसायची. ‘हलू नगा’ एवढंच काय ते प्रवाशांना सांगणं. आता तिथे पूल आहे.

कोकणात हेच काम ‘तर’ करायची. ‘तरीवरून जाणं’ म्हणजे होडीने खाडी ओलांडणं. तोही त्याच ‘तॄ’चा. (कामं आपण ‘तडीस’ नेतो, ती तड म्हणजे नदीचा काठच.)

‘उतारवय’ मात्र यात ओढू नका, तिथला उतार डोंगराचा. ‘उतराई होणं’ मला नदीकडचं वाटतं. हिंदीत नावाड्याला द्यायच्या पैशांना आजही ‘उतराई’ म्हणतात. आपण ते भाडं विसरलो आणि उपकार फेडण्याचा अर्थ तेवढा ठेवला, असा माझा कयास. काहीलवाल्यांना आजी पायलीभर जोंधळे द्यायची. त्याला मात्र ती उतराई म्हणत नसे, ‘बलुतं’ म्हणायची.