‘ही गोळी कशी घेणार, सांगा बघू’

प्रश्न : मी फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गुण चांगले पडतात, पण परीक्षा झाली की महिनाभरात निम्मं डोक्यातून जातं. मात्रा, सूत्रं तर फोनवर क्षणात सापडतात. मग एवढी वर्षं घासून पुस्तकांपलीकडचं असं मी नेमकं काय शिकते आहे? कधी कधी फार निराश वाटतं.

उत्तर : रुग्णालयाच्या औषध विभागात माझी बावीस वर्षं गेली आणि कितीतरी सूत्रं मलाही आज आठवत नाहीत. त्याचं फार वाईट वाटून घेऊ नकोस. अंगात काय मुरलं, ते सांगते.

ट्रेनिंगच्या दुसऱ्याच आठवड्यात संधिवाताच्या एक बाई मेथोट्रेक्सेट न्यायला आल्या. बोटं इतकी सुजलेली की पिशवीची गाठ सुटेना. या आजारात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंडात फोड येतात, अस्थिमज्जेतलं रक्त तयार होणं मंदावतं, जीवही जाऊ शकतो. हे सगळं मला तोंडपाठ होतं, परीक्षेत लिहूनही झालं होतं. मी त्यांना नीट सांगितलं, लेबलवर ‘आठवड्यातून एकदा’ लिहिलं आणि विचारलं, ‘समजलं ना?’ त्यांनी मान डोलावली. मी पुढच्या माणसाकडे वळले.

शेजारच्या सीनिअर मॅडमनी त्यांना थांबवलं. ‘मावशी, घरी गेल्यावर ही गोळी कशी घेणार, मला सांगा बघू.’

‘रोज सकाळी एक,’ बाई म्हणाल्या. त्यांच्या बाकीच्या सगळ्या गोळ्या तशाच तर होत्या.

माझे हातपाय गार पडले. मॅडम मात्र शांत होत्या. कुठला वार सोयीचा पडेल, हे त्यांनी बाईंनाच विचारलं. सोमवारी मुलगी घरी असते, ती आठवण करून देईल, असं त्या म्हणाल्या. मग लेबलवर ठळक अक्षरांत ‘फक्त सोमवारी’ असं लिहिलं आणि बाईंकडून ते पुन्हा एकदा वदवून घेतलं. ‘समजलं ना?’ असं विचारलं की माणसं ‘हो’च म्हणतात. कुणी लाजेनं, कुणी घाईत, कुणी पांढऱ्या कोटाच्या धाकानं. त्या दिवसापासून तो प्रश्न मी टाकून दिला.

दुसरी गोष्ट प्रयोगशाळेतली, आणि ती सांगताना आजही मला अपराधी वाटतं. टायट्रेशन म्हणजे नळीतून द्रावण थेंबथेंब सोडायचं आणि फ्लास्कमधला रंग बदलेपर्यंत किती लागलं ते मोजायचं. त्याची तीन रीडिंग जुळायला हवी होती. माझं तिसरं चुकलं, नळ बंद करायला उशीर झाला. मी वहीत सरळ आधीच्या दोन रीडिंगशी जुळणारं 10.1 लिहून मोकळी झाले. सर आले, वही पाहिली, मग फ्लास्क उचलून पांढऱ्या कागदावर ठेवला. फिकट गुलाबी हवा होता तो रंग चांगला गडद झाला होता. ‘उद्या औषधाच्या बॅचचा रिपोर्ट असाच जुळवशील का?’ एवढंच त्यांनी विचारलं.

1937 साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध पातळ स्वरूपात विकायला आलं. त्यासाठी ते डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवात विरघळवलं होतं. चव, वास आणि रूप तपासलं होतं, विषारीपणा तपासलाच नव्हता. शंभरावर माणसं गेली, त्यात कितीतरी लहान मुलं होती. बाजारात येण्याआधी औषध सुरक्षित असल्याचं दाखवायला लावणारा तिथला 1938 चा कायदा त्यानंतरचा. आम्हाला हे इतिहास म्हणून शिकवलं, एका परिच्छेदात. सरांच्या त्या प्रश्नानंतर मी तो परिच्छेद पुन्हा काढून वाचला, तेव्हा कुठे तो मला कळला.

फोनवर मात्रा सापडेल, हे तुझं म्हणणं बरोबर आहे. पण ‘0.5’ मधलं आधीचं शून्य लिहायचंच आणि ‘5’ च्या पुढे ‘.0’ लावायचं नाही, कारण टिंब पुसट झालं की 5.0 चे 50 होतात, ही सवय हातालाच लागावी लागते. ती तुला आत्ता, या कंटाळवाण्या वाटणाऱ्या प्रॅक्टिकलमध्येच लागते आहे.

पुढच्या वेळी रीडिंग चुकलं तर तसंच लिही आणि शेजारी कारण लिही. आणि आजपासूनच घरात कुणी औषध घेत असेल तर त्यांना विचार, ‘ही गोळी कशी घेता, सांगा बघू.’ काय उत्तर मिळालं ते मला जरूर कळव.