खिशातला प्लेअर मध्येच थांबतो तेव्हा

प्लेअर गाण्याच्या मध्येच थबकतो, एवढ्यावरून तो टाकाऊ ठरवू नका. माझ्या अनुभवात दोष बहुतेक वेळा मेमरी कार्डाचा असतो. माझ्या पहिल्या प्लेअरवर विलंबित ख्याल नेमका समेच्या तोंडाशी अडकत असे आणि पडदा गोठला की बटण दहा सेकंद दाबून धरण्यावाचून गत्यंतर नसे. महिनाभर मी यंत्रालाच दूषणे दिली, पण कार्ड बदलताच खोड गेली.

३२ जीबीहून मोठी कार्डे सहसा एक्सफॅट या फायली मांडण्याच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली मिळतात, आणि अनेक स्वस्त प्लेअरना केवळ फॅट३२ ही जुनी पद्धत समजते, म्हणून सुरुवातीला ३२ जीबीचेच कार्ड घ्यावे. रस्त्यावरच्या गाड्यावर मिळणारे १२८ जीबीचे कार्ड आत ८ जीबीचेही निघू शकते. ते काठोकाठ भरून सर्व फायली परत संगणकावर उतरवून पाहिल्या की लबाडी उघड होते. संगणकापासून केबल ओढून काढण्यापूर्वी ‘इजेक्ट’ (म्हणजे प्लेअर सुरक्षितपणे वेगळा करण्याची संगणकाला सूचना) करण्याचा आळस करू नका, कारण अर्धवट लिहिलेल्या एका फायलीपायी पुढच्या वेळी गाण्यांची यादी बनवतानाच प्लेअर अडकू शकतो.

इअरफोनची पिन फिरवल्यावर एका कानातला आवाज ये-जा करत असेल, तर आधी दुसरा इअरफोन लावून पाहा. मात्र पाठीमागचे झाकण फुगलेले दिसले, तर बॅटरी फुगली आहे असे समजावे. त्या क्षणापासून चार्जिंग बंद, आणि घरी ती उचकटण्याचा उद्योग तर मुळीच नको.