झेंडा दिसला की आधी साल विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिनेमा-मालिका बघताना मागे दिसणारे झेंडे, बिल्ले, राजमुद्रा ओळखायचा नाद लागलाय, पण नेमकं कशाकडे बघायचं ते कळत नाही, आणि सारखं पॉज केलं की घरचे ओरडतात. घरच्यांवर माझ्याकडे इलाज नाही. आमच्याकडे रिमोट माझ्या हातातून कधीच काढून घेतलाय. कुठं बघायचं, तेवढं सांगतो.

मी सोलापूरला शाळांचे आणि कंपन्यांचे युनिफॉर्म शिवून देतो. दिवसभर एम्ब्रॉयडरी मशीनवर खिशाचे मोनोग्राम आणि खांद्याच्या पट्ट्या. त्यामुळे पडद्यावर माणूस आला की त्याच्या तोंडाआधी माझी नजर खिशावर जाते.

जगभरचे झेंडे पाठ करत बसू नका. ते स्पर्धा परीक्षावाल्यांना करू द्या. झेंडा कोणत्या देशाचा, हे आता फोनसुद्धा सांगतो. खरी मजा तो कोणत्या सालचा हे ओळखण्यात आहे. देश तोच राहतो, झेंडा बदलत जातो, आणि शूटिंगच्या घाईत बाजारात मिळेल तो आजचा झेंडा आणून लावला जातो.

अमेरिकेचंच घ्या. ५० तारे ४ जुलै १९६० पासून. त्याआधी, १९१२ ते १९५९, तारे होते ४८. म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या प्रसंगात ४८ च हवेत. मोजत बसायची गरज नाही. ४८ तारे आठ-आठच्या सहा ओळींत, उभे-आडवे सरळ रांगेत असतात. ५० तारे सहा, पाच, सहा, पाच असे सरकवलेले असतात. रांगा सरळ की सरकलेल्या, इतकं दूरवरूनही दिसतं. कॅनडाचं मेपलचं पान १५ फेब्रुवारी १९६५ चं, दक्षिण आफ्रिकेचा आजचा रंगीबेरंगी झेंडा २७ एप्रिल १९९४ चा. आणि १९८९ च्या डिसेंबरातल्या रुमानियाच्या गर्दीत मधोमध भोक पडलेला झेंडा दिसला तर तो फाटलेला समजू नका. लोकांनी कम्युनिस्ट राजवटीचं चिन्ह कापून काढलं होतं.

परदेशाचं एवढं पुरे. आपल्याकडचा माल जास्त भारी आहे.

सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर १९३० साली राष्ट्रध्वज चढला, ही गोष्ट इथल्या पोराटोरांना माहीत असते. त्याच वर्षी मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं, गोळीबार झाला, पोलीस शहर सोडून गेले आणि १२ मे ला मार्शल लॉ लागला. पुढे १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिली. चार पुतळ्यांपाशी या चौघांना हार घालायला आजही दर जानेवारीत गर्दी असते.

आता यावर कुणी मालिका काढली, तर पालिकेवर कोणता झेंडा दाखवतील? मी पैज लावायला तयार आहे: वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा आणि पांढऱ्यावर चरखा. पडद्यावर 'स्वातंत्र्यापूर्वी' म्हटलं की हाच झेंडा निघतो. पण तो काँग्रेसने स्वीकारला ऑगस्ट १९३१ मध्ये. त्याआधीचा, म्हणजे १९२१ साली बेझवाड्याच्या (आजच्या विजयवाड्याच्या) काँग्रेस अधिवेशनाच्या वेळी पिंगली वेंकय्यांच्या आराखड्यातून पुढे आलेला झेंडा वेगळाच होता: वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली तांबडा, आणि तिन्ही पट्टे व्यापणारा मोठा चरखा. केशरी त्यात नव्हताच. दांडीची यात्रा १९३० ची, भगतसिंग-राजगुरू-सुखदेव यांची फाशी २३ मार्च १९३१ ची, सोलापूरच्या चौघांची त्याच्याही आधीची. या सगळ्या प्रसंगांत केशरी पट्टा आला की समजायचं, झेंडा पुढच्या सालातून आलाय. लोकांनी घरोघरी शिवलेल्या झेंड्यांत उन्नीस-बीस असणारच, पट्टे खालीवर झाले असतील, चरखा लहानमोठा झाला असेल. तेवढी सूट मी देतो. १९४२ च्या प्रसंगात मात्र केशरी-पांढरा-हिरवा आणि चरखा अगदी बरोबर. अशोकचक्र आलं २२ जुलै १९४७ ला, त्यामुळे 'चले जाव'च्या मोर्चात चक्र दिसलं तर खुशाल पॉज करा.

स्वातंत्र्यानंतरची अडीच वर्षं तर शोधणाऱ्यासाठी खजिनाच. झेंडा १५ ऑगस्ट १९४७ ला बदलला, पण लष्करी अधिकाऱ्याच्या खांद्यावरचा ब्रिटिश मुकुट २६ जानेवारी १९५० पर्यंत तसाच होता. अशोकस्तंभाचे सिंह प्रजासत्ताकाबरोबर आले. म्हणजे १९४७-४८ च्या काश्मीरच्या लढाईत मेजरच्या खांद्यावर मुकुट पाहिजे. सिंह दिसले, तर ड्रेसवाल्याने आजचा गणवेश भाड्याने आणलाय. तेच १३ सप्टेंबर १९४८ चं. हैदराबादवर निघालेली फौज सोलापुरातूनच नळदुर्गकडे सरकली होती. त्या कारवाईवर सिनेमा निघाला तर जीपवर चक्राचा तिरंगा आणि त्याच जीपमधल्या साहेबाच्या खांद्यावर मुकुट, असं चमत्कारिक पण खरं चित्र दिसायला हवं. समोरच्या निजामाच्या झेंड्यावर पिवळ्या जमिनीत मधोमध पांढरी चकती: ती म्हणजे कुलचा, खायची रोटी. पहिल्या निजामाला एका सूफी संताने कुलचे दिले, अशी त्यामागची आख्यायिका. नुसता हिरवा झेंडा आणि चंद्रकोर लावून निजाम दाखवला, की ओळखायचं कुणी पुस्तक उघडलेलं नाही.

नौदलाचं निशाण तर इतक्यांदा बदललंय की एका नजरेत दशक कळावं. १९७१ च्या युद्धातल्या जहाजावर पांढऱ्या कापडावर तांबडा आडवा-उभा क्रॉस आणि कोपऱ्यात तिरंगा हवा. तो सेंट जॉर्जचा क्रॉस २००१ मध्ये काढला, २००४ मध्ये परत आणला, आणि २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत नवी विक्रांत ही विमानवाहू नौका दाखल झाली तेव्हा कायमचा गेला. आजच्या निशाणावरची अष्टकोनी चौकट शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलीये. जुन्या युद्धनौकेवर ती दिसली, तर पुढचं मला सांगायची गरज नाही.

पोलिसांकडेही बघा, कारण मराठी मालिकेत पोलीस आल्याशिवाय भाग संपत नाही. तीन स्टार आणि खाली लाल-निळी फीत म्हणजे पोलीस निरीक्षक. तीन स्टार पण फीत नाही, म्हणजे उपअधीक्षक किंवा सहायक आयुक्त. मालिकेत सगळे 'इन्स्पेक्टरसाहेब' म्हणत असतात आणि खांद्यावर फीतच नसते. ड्रेसवाल्याने परस्पर बढती दिलेली असते.

आता ऐतिहासिक मालिका. इथं माझी सगळ्यात जास्त चिडचिड होते. मराठ्यांचा भगवा दोन शेंड्यांचा, हे बहुतेक जण सांभाळतात. पेशवाईत जरीपटका येतो, तो काही जण सांभाळतात. पण समोर मुघल आले की हिरवं कापड आणि त्यावर चंद्रकोर-तारा, हा साचा कुणी ठरवला देव जाणे. मुघल दरबारच्या चित्रांत निशाणावर सिंह आणि त्यामागे सूर्य दिसतो. शिवाय माही-मरातिब असायचा: काठीच्या टोकाला धातूचं माशाचं मुंडकं. कापड नसलेलं हे मानचिन्ह मुंबईच्या दिग्दर्शकाला विचित्र वाटत असेल, पण सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वजांच्या उंच काठ्या बघत वाढलेल्या माणसाला ध्वज कापडाचाच हवा असं वाटायचं कारण नाही. औरंगजेबाची छावणी १६९५ पासून चार वर्षं आमच्याच जिल्ह्यात भीमेकाठी ब्रह्मपुरीला होती. त्या छावणीचा देखावा कुणी केला आणि एक तरी मासा दिसला, तर त्या कला दिग्दर्शकाला मी आमच्याकडची सोलापुरी चादर पाठवीन.

इंग्रज दाखवायचे म्हटलं की सरसकट युनियन जॅक लावतात. ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती मन्रो याच्या फौजेने १८१८ च्या मे महिन्यात सोलापूरचा किल्ला घेतला, तेव्हाची कंपनी सरकारची निशाणी म्हणजे तांबडे-पांढरे आडवे पट्टे आणि कोपऱ्यात युनियन जॅक. बघणाऱ्याला वाटेल अमेरिका आली. आणि १८०१ च्या आधीच्या युनियन जॅकमध्ये आयर्लंडच्या तांबड्या तिरप्या रेघा नसतात, म्हणजे पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात नुसत्या पांढऱ्या तिरप्या पट्ट्या हव्यात. हा झेंडा उलटाही फार लागतो. काठीकडच्या अर्ध्या भागात रुंद पांढरी तिरपी पट्टी तांबडीच्या वर असायला हवी. खाली असली तर झेंडा उलटा. हे एकदा डोळ्यात बसलं की सुटत नाही, त्यामुळे विचार करून शिका.

काठी कुठं आहे हे आधी बघायचं, कारण झेंड्याला दोन बाजू असतात. अमेरिकन सैनिकाच्या उजव्या दंडावर तारे उजवीकडे दिसतात, म्हणून लोक चूक समजतात. ती चूक नाही. सैनिक पुढे चालतोय तर तारे पुढे राहावेत, असा त्यांचा नियमच आहे. उलट, शर्टाचं बटण, गाडीचं स्टीअरिंग आणि पाटीवरची अक्षरं असं सगळंच उलटं असेल, तर संपादकाने शॉट आरशासारखा फिरवलाय.

तिरंग्याचे नियम माहीत असले की साध्या घरगुती मालिकेतही काम मिळतं. आमदारसाहेबांच्या गाडीच्या बॉनेटवर तिरंगा: चूक. गाडीवर राष्ट्रध्वज लावायचा मान राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री, सभापती, उच्च न्यायालयाचे न्यायाधीश अशा मोजक्या लोकांना आहे. नुसत्या आमदाराने पक्षाचा झेंडा लावावा. भिंतीवर उभा टांगलेला तिरंगा असेल तर केशरी पट्टा बघणाऱ्याच्या डाव्या हाताला हवा. शहीद जवानाच्या शवपेटीवर केशरी भाग डोक्याकडे. चितेला अग्नी देण्याआधी ध्वज काढून घेतात, तो जाळत नाहीत. शासकीय किंवा लष्करी इतमाम नसताना गावच्या पुढाऱ्याला तिरंग्यात गुंडाळलेलं दाखवणं, हे पटकथालेखकाच्या डोळ्यांतलं पाणी. नियमात बसत नाही.

सगळंच चूक म्हणून पकडू नका हेही सांगतो. पडद्यावर राष्ट्रीय चिन्हं दाखवायला १९५० चा बोधचिन्हांचा कायदा आड येतो, सेन्सॉरही त्याकडे बघतं. त्यामुळे बनावट सरकारी खात्याचा शिक्का, सिंहांऐवजी भलतंच काही असलेली पाटी, कधीच न ऐकलेल्या देशाचा झेंडा, हे बऱ्याचदा मुद्दाम असतं. युनिफॉर्मवाल्यालाही अशी ऑर्डर येते: 'पोलिसासारखा दिसू दे, पण पोलिसाचा बिल्ला नको.' असा बनावट बिल्ला बारकाईने बघा. खऱ्यातलं काय ठेवलं आणि काय वगळलं, यात निर्मात्याची भीती दिसते.

शेवटी कापड, कारण तो माझा प्रांत. तिरंगा पॉलिस्टरचा करायची परवानगी ३० डिसेंबर २०२१ च्या बदलाने मिळाली. त्याआधी हाताने कातलेल्या-विणलेल्या लोकरी, सुती किंवा रेशमी खादीचाच नियम. आमच्याकडून रेल्वेने काही तासांवर असलेल्या हुबळीत खादीचा प्रमाणित ध्वज तयार होतो; तो एकदा हातात घेऊन बघा. खादी वाऱ्यावर जड हलते, तिची घडी पडते, ऊन तिच्यात मुरतं. पॉलिस्टर चमकतं आणि फडफडताना कडेला थरथरतं. १९४७ च्या मध्यरात्रीच्या देखाव्यात लाइट पडल्यावर झेंडा चकाकला, की चक्राचे २४ आरे मोजायचेही कष्ट घेऊ नका.