डॉक्टर, जरा विचारायचं होतं

दिवाळीची सुट्टी संपली आणि बोर्डाच्या परीक्षा दिसू लागल्या की माझ्याकडं येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. जूनमध्ये दप्तराच्या ओझ्याबद्दल विचारणारे आता लेकरांच्या थकव्याबद्दल विचारतात. त्यातली ही चार पत्रं.

मी गंगाखेडचा. लातुरात रूम करून नीटची तयारी करतोय. रात्री दोनला झोपतो, सहाला उठतो. क्लासमध्ये डुलक्या येतात, वाचलेलं आठवत नाही. कमी झोपायची सवय कशी लावू? (बारावी)

बाळा, ती सवय लागतच नसते. आपण थकलोय हे कळायचं तेवढं कमी होतं. चौदा ते सतरा वर्षांच्या पोरांना 8 ते 10 तास झोप लागते, अठरानंतर निदान 7. दिवसभर वाचलेलं मेंदू झोपेतच पक्कं करतो. म्हणजे रात्री बारानंतरच्या दोन तासांसाठी तू सकाळपासूनचा अभ्यास कच्चा ठेवतोयस.

आणखी एक गोष्ट. गेली काही वर्षं नीटचा पेपर दुपारी दोनला सुरू होतोय. रूमवर राहणारी बरीच पोरं रात्री जागतात आणि नेमकी दोन ते पाच झोपतात. ज्या वेळी डोकं सगळ्यात तल्लख हवं, त्याच वेळी त्याला झोपायचं वळण लावून ठेवतात! तुझंही तसं असेल तर आधी ते मोड. डुलकी घ्यायचीच तर जेवणानंतर लगेच, वीस मिनिटं, गजर लावून. संध्याकाळनंतर टपरीवरचा चहा बंद. अकराला दिवा मालव आणि मोबाइल उशाशी नको, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेव. रूम पार्टनर जागाय म्हणून जागणं हा तर निव्वळ वेडेपणा. पंधरा दिवस करून बघ, टेस्टचे मार्क बघ आणि मग माझ्याशी भांड.

मुलगी नववीला आहे. जिना चढली की धाप लागते, तोंड पांढरंफटक दिसतं. पाटीवरची पेन्सिल खाते. शाळेतली निळी गोळी घेतली की मळमळतं म्हणून फेकून देते. (एक आई, परभणी)

ताई, पेन्सिल खाते हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. पुष्कळ आया ते लपवतात, लेकराला रागावतात. पेन्सिल, खडू, माती खावीशी वाटणं हे बऱ्याचदा अंगात लोह कमी असल्याचं लक्षण असतं, त्यात वाईट खोड काही नाही. आधी सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. या वयाच्या मुलीचं 12 च्या खाली असेल तर रक्त कमी आहे, आणि मग आठवड्याची एक गोळी पुरत नाही. डॉक्टर रोजची देतील.

निळ्या गोळीत लोह आणि फॉलिक ॲसिड असतं. ती उपाशीपोटी घेतली की मळमळतं, म्हणून डबा खाल्ल्यावर घेऊ द्या. शी काळी होते, त्याला भ्यायचं नाही. गोळीच्या आणि जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको, चहा लोह अंगाला लागू देत नाही. वरणावर, मटकीच्या उसळीवर लिंबू पिळा. गूळ-शेंगदाण्याचा लाडू जरूर द्या, पण तेवढ्यावर रक्त भरेल अशा भरवशावर राहू नका. शाळेत जंताची गोळी देतात तीही चुकवू नका. पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालत असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा.

शाळेतलं बाथरूम घाण असतं म्हणून मी दिवसभर पाणीच पीत नाही. आता लघवीला आग होते. (आठवी, अंबाजोगाई)

तुझी चूक नाही, पण आग होतेय म्हणजे आजच आईला सांगून दवाखान्यात जा. घरगुती उपाय करत बसू नको. पुढं मात्र सकाळी निघताना एक तांब्या पाणी, शाळेत थोडं थोडं, आणि लघवी तुंबवायची नाही. चार जणी मिळून बाईंना सांगा. एकटीनं सांगायला लाज वाटते, चौघींना वाटत नाही. पालकांनो, पालकसभेत मार्कांच्या आधी बाथरूमचं विचारा.

आई-बाबा ऊसतोडीला गेलेत. मी आणि बहीण आजीजवळ असतो. रात्री छाती भरून येते, जेवण जात नाही. कुणाला सांगितलं तर बाईवानी काय रडतो म्हणतात. (दहावी, बीड जिल्हा)

रडू येतं तर रड. आई-बाप चार-पाच महिने लांब असल्यावर मोठ्या माणसालाही भरून येतं. आईशी बोलायची वेळ ठरवून घे, फडातून कोपीवर (झोपडीवर) परतल्यावर पाच मिनिटं का होईना, पण रोज. फोनची वाट बघत दिवस काढण्यापेक्षा ते सोपं जातं. भूक नसली तरी आजीसोबत ताटावर बस, अर्धी भाकर खा. शाळेतल्या ज्या सरांचा धाक कमी वाटतो त्यांना हे पत्र दाखव.

दोन आठवड्यांत हलकं वाटलं नाही, तर टेली-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर फोन कर. मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही चालतं. आणि जगूच नये असं मनात आलं तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच घटकेला आजीला उठवायचं आणि हा नंबर लावायचा. आजीच्या साध्या फोनवरूनही लागतो.