नाताळात टीव्हीवर लागणारे एकसारखे चित्रपट लोक दरवर्षी का पाहतात?

आपला प्रश्न असा आहे की, अमेरिकेत नाताळाच्या आधीचे दोन महिने खास टीव्हीसाठीच बनवलेले जे कौटुंबिक प्रेमपट लागतात, ते सगळे एकाच साच्यातले असूनही लोक दरवर्षी का पाहतात, आणि तिकडे नव्याने राहायला जाणाऱ्याने ते पाहावेत का. मी मिनेसोटात चौदा हिवाळे काढले आहेत आणि त्यांतल्या बारा हिवाळ्यांत हे चित्रपट आवडीने पाहिले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

साचा आहे, हे आधी मान्य करते. शहरात मोठ्या हुद्द्यावर काम करणारी तरुणी डिसेंबरात आपल्या लहानशा गावी येते. तिथे आईवडिलांची बेकरी, जुने हॉटेल किंवा नाताळाच्या झाडांची बाग बंद पडण्याच्या बेतात असते. गावातला एखादा सुतार किंवा गुरांचा डॉक्टर, पुष्कळदा लहान मुलगी असलेला विधुर, तिच्या मदतीला येतो. मध्ये एक गैरसमज होतो, तो मिटतो, आणि अगदी शेवटी बर्फ पडू लागल्यावर दोघांचे पहिले चुंबन होते. हे सांगितल्याने मी कोणाचाही रसभंग केलेला नाही, कारण पाहायला बसलेल्या प्रत्येकाला ते ठाऊकच असते.

आपल्याकडे ही गोष्ट समजायला कठीण जाऊ नये. सुदाम्याचे पोहे श्रीकृष्ण खाणार की नाही, ही चिंता घेऊन कोणी कीर्तनाला जात नाही. बुवा उत्तररंगात ती पुरचुंडी कशी सोडवतात, हे ऐकायला माणसे जातात. या चित्रपटांचा नियमित प्रेक्षकही तसाच असतो. यंदाची बेकरी कशी आहे, विधुराची मुलगी आईची आठवण कोणत्या प्रसंगात काढते, गैरसमज ओढूनताणून आणला आहे की स्वभावातून आला आहे, याकडे त्याचे बारीक लक्ष असते, आणि बरा चित्रपट कोणता व वाईट कोणता हे तो नेमके सांगू शकतो.

हा साचा आला कुठून, हे पाहिले की बरेचसे उलगडते. या प्रकारात सर्वांत ठळक नाव ज्या हॉलमार्क वाहिनीचे आहे, तिची मालक कंपनी शुभेच्छापत्रे छापणारी आहे. १९१० साली कॅन्सस सिटीत जॉइस हॉल यांनी तिची सुरुवात केली. २४ डिसेंबर १९५१ रोजी, नाताळाच्या आदल्या रात्री, एनबीसी वाहिनीवर ‘अमाल अँड द नाइट व्हिजिटर्स’ हा जियान कार्लो मेनोत्ती यांचा ऑपेरा प्रथम दाखवला गेला, तो याच कंपनीच्या प्रायोजकत्वाखाली. मुद्दाम टीव्हीसाठी रचलेला तो पहिला ऑपेरा होता, आणि त्याच प्रयोगाने ‘हॉलमार्क हॉल ऑफ फेम’ या दीर्घकाळ चाललेल्या मालिकेचा आरंभ झाला. पुढे १९७१ च्या डिसेंबरात सीबीएसने ‘द होमकमिंग’ हा टीव्हीपट दाखवला. १९३३ सालच्या मंदीत व्हर्जिनियातल्या एका गरीब घरी नाताळाच्या आदल्या रात्री वडिलांची वाट पाहिली जाते, एवढीच त्याची कथा आहे. तो लोकांना इतका भावला की पुढच्याच वर्षी त्यातून ‘द वॉल्टन्स’ ही मालिका उभी राहिली. म्हणजे सणाच्या रात्री घरातल्या सर्वांनी एकत्र बसून टीव्हीसाठीच केलेले काही पाहावे, ही सवय जुनी आहे. आजचा महापूर मात्र अलीकडचा. हॉलमार्क वाहिनी या नावाने २००१ साली सुरू झाली आणि ‘काउंटडाउन टू ख्रिसमस’ हा उपक्रम २००९ पासून चालू आहे. गेल्या दशकाच्या अखेरीस तिच्या दोन वाहिन्या मिळून एका हंगामात सुमारे ४० नवे चित्रपट दाखवू लागल्या होत्या, आणि हंगामही ऑक्टोबरच्या अखेरीलाच सुरू होऊ लागला होता.

एवढे चित्रपट वर्षाला करायचे तर खर्च आणि वेळ दोन्ही बेताचे असावे लागतात. बहुतेकांचे चित्रीकरण साधारण १५ दिवसांत, म्हणजे तीन आठवड्यांत, उरकले जाते, आणि ते पुष्कळदा कॅनडात होते, कारण तिथे करसवलती मिळतात आणि अनुभवी तंत्रज्ञ सहज मिळतात. ब्रिटिश कोलंबियातल्या फोर्ट लँगलीचा किंवा ऑन्टॅरिओतल्या ॲल्मॉन्टचा बाजाररस्ता आपण अमेरिकेतले एखादे गाव म्हणून पाहत असतो. डिसेंबरात दाखवायचे म्हणजे उन्हाळ्यातही काम चालवावे लागते. जाड कोट आणि लोकरी मफलर घालून नट ऐन उन्हात उभे राहतात आणि फेस, कापसासारख्या चादरी, कागदाचा चुरा यांचा बर्फ केला जातो. मला या मेहनतीचे फार कौतुक वाटते. पडद्यावर झाडांची पाने हिरवीगार दिसली की आमच्या घरात कोणीतरी ते दाखवून देते, पण त्यामुळे गोडी कमी झालेली मला आठवत नाही.

रचनेचे कारण जाहिरातींमध्ये आहे. प्रक्षेपणाला दोन तासांची वेळ असते आणि त्यात प्रत्यक्ष चित्रपट दीड तासापेक्षाही थोडा कमी असतो. लेखक कथेचे साधारण नऊ अंक पाडतात आणि प्रत्येक अंकाच्या शेवटी एक लहानसा प्रश्न लटकत ठेवतात, म्हणजे जाहिराती संपेपर्यंत माणूस वाहिनी बदलत नाही. पात्रे एकमेकांना नावाने वारंवार हाक मारतात आणि आधी घडलेले पुन्हा सांगतात. हे मला सुरुवातीला खटकले होते. त्याचे कारण शेजारच्या वृद्ध बाईंकडे कळले.

मिनियापोलिस परिसरात डिसेंबरात संध्याकाळी साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. नवख्या माणसाला त्या अंधाराचे दडपण येते, आणि मला तर फार आले होते. आमच्या शेजारी एकट्या राहणाऱ्या बाईंनी ते ओळखून मला दर गुरुवारी संध्याकाळी बोलवायला सुरुवात केली. टीव्ही लावलेला असे, पण त्यांचे हात कामात असत: भेटवस्तू कागदात गुंडाळणे, नातवंडांना कार्डे लिहिणे, ओव्हनमधली बिस्किटे काढायला उठणे. त्या दहा मिनिटांनी परत येत तेव्हा नायिकेने एव्हाना काय ठरवले आहे हे पहिल्याच वाक्यात कळे. दिवाळीपूर्वी आपण चकल्या करताना रेडिओ लावतो, तसे हे चित्रपट काम करणाऱ्या माणसासाठी बनवलेले आहेत, आणि चित्रपटगृहातल्या चित्रपटांचे माप लावून त्यांना हिणवणे मला अन्यायाचे वाटते. पुढे एका हिवाळ्यात माझी आई साताऱ्याहून आली. तिला इंग्रजी बोलणे जेमतेम समजत होते, तरी शेजारणीच्या शेजारी बसून नायक कुठे चुकतो आहे हे ती मराठीत आणि बाई इंग्रजीत एकाच वेळी सांगत. असा परदेशी मनोरंजनाचा दुसरा प्रकार मी तरी पाहिलेला नाही.

यातले बरे चित्रपट ओळखण्याची माझी एक खूण आहे. वारलेल्या माणसाची उणीव ज्यात खरी वाटते, तो चित्रपट टिकतो. सणाच्या दिवसांत रिकामी खुर्ची अधिक जाणवते, आणि ज्या प्रेक्षकांच्या घरी ती आहे त्यांच्यासाठी या कथांतला विधुर किंवा आईविना वाढणारी मुलगी ही केवळ सोय राहत नाही.

माझे आक्षेपही गंभीर आहेत. नोकरी करणाऱ्या बाईचे शहरातले आयुष्य जवळजवळ नेहमी पोकळ दाखवले जाते आणि तिने ते सोडले की सारे सुरळीत होते. स्वतः अठ्ठावीस वर्षे नोकरी केलेल्या माझ्या आईला हे अजिबात पटले नव्हते. पुष्कळ वर्षे या गावांमध्ये गोऱ्या माणसांशिवाय कोणी मध्यभागी येत नसे. डिसेंबर २०१९ मध्ये दोन वधूंचे लग्न दाखवणाऱ्या जाहिराती हॉलमार्क वाहिनीने आधी थांबवल्या, आणि जोरदार विरोध झाल्यावर काही दिवसांतच क्षमा मागून तो निर्णय मागे घेतला. २०२० च्या हंगामात तिच्याच ‘द ख्रिसमस हाउस’ या चित्रपटात मूल दत्तक घेऊ पाहणारे पुरुष जोडपे मुख्य पात्रांमध्ये होते. ज्यू कुटुंबांच्या हनुक्का सणाच्या कथाही त्याच सुमारास येऊ लागल्या. बदल उशिरा आला, पण आला याचा मला मनापासून आनंद आहे.

तेव्हा, पाहावेत का? होय, पाहावेत, परंतु एकट्याने ओळीने चार पाहू नयेत, कारण तसे केल्यास फक्त साचा दिसत राहतो. आठवड्याला एक पुरे. सुरुवात शक्य असल्यास जुन्या ‘द होमकमिंग’पासून करावी, म्हणजे या साऱ्याच्या मुळाशी किती साधी आणि गरिबीची गोष्ट होती ते दिसेल. त्यानंतर ज्यांनी हे चित्रपट वर्षानुवर्षे पाहिले आहेत अशा एखाद्या शेजाऱ्याकडे, जमल्यास बेसनाचे लाडू घेऊन, संध्याकाळी जावे आणि गुंडाळायच्या वस्तू सोबत न्याव्यात. कागद आणि चिकटपट्टी त्यांच्याकडे असतेच.