वजनं उचलायला नुकतीच सुरुवात केली आहे. आधी चरबी कमी करू की स्नायू वाढवू?

दोन्ही एकदम जमतं, आणि नवशिक्याला तर सगळ्यात सहज. फक्त जेवण निम्म्यावर आणू नका. रोजच्या गरजेपेक्षा ३००-५०० कॅलरी कमी, बस्स. प्रोटीन मात्र दर किलो वजनामागे किमान १.६ ग्रॅम हवंच, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ११२ ग्रॅम.

खरी गोम व्यायामात आहे. आठवड्यातून तीनदा स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन उठाबशा), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), बेंच प्रेस (बाकावर आडवं होऊन वजन वर ढकलणं), रो (वाकून वजन पोटाकडे ओढणं) करा आणि वहीत लिहून ठेवा. मागच्या वेळी ४० किलोचे ८ रेप्स (म्हणजे न थांबता ८ वेळा उचलणं) झाले असतील तर आज ९ करून बघा. १२ नीट जमले की अडीच किलो वाढवा. झोप सात तासांच्या खाली नको.

काटा महिनाभर हलला नाही तरी घाबरू नका. टेपने कंबर मोजा. ती उतरतेय आणि वहीतले आकडे चढताहेत, तर तुमचं अगदी बरोबर चाललंय.